'सावत्र' हा शब्द कुणाच्या बाजूने बोलतो?

गेल्या रविवारी घरात एक प्रश्न निघाला. मला नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे मांडते.

आमच्या घरात मुलगी माझी, बारा वर्षांची, आणि मुलगा ह्यांचा, नऊ वर्षांचा. लग्नाला दीड वर्ष झालं. सध्या दोघांना घेऊन मी 'द ब्रॅडी बंच' बघते. अमेरिकेत एबीसी वाहिनीवर १९६९ ते १९७४ पर्यंत चाललेली ही विनोदी मालिका, एकूण ११७ भागांची. तीन मुलगे असलेला विधुर माइक आणि तीन मुली असलेली कॅरल लग्न करतात. मग सहा मुलं, हे दोघं आणि घरकाम सांभाळणारी अ‍ॅलिस एका छपराखाली राहू लागतात. सहा मुलांत न्हाणीघर एकच. बहुतेक भांडणं अशाच साध्या गोष्टींची: खोली कुणाची, पाळी कुणाची, आधी कोण.

पहिल्याच वर्षातल्या एका भागात धाकटा बॉबी टीव्हीवर सिंड्रेला बघतो. सावत्र आई म्हणजे छळणारीच, हे त्याच्या मनात घट्ट बसतं आणि तो घर सोडायला निघतो. कॅरल स्वतःची बॅग घेऊन त्याच्याबरोबर जायला तयार होते. ती त्याला सांगते की या घरात 'स्टेप' आहेत त्या फक्त तुझ्या खोलीकडे जाणाऱ्या. इंग्रजीत स्टेप म्हणजे पायरी आणि नात्याआधी लागला की सावत्र, असा तो श्लेष. मुलगी हसली. मुलाने विचारलं, "काय म्हणाली ती?" मी म्हटलं, "इथे सावत्र कुणी नाही, असं म्हणाली." लगेच पुढचा प्रश्न: "सावत्र म्हणजे?"

नऊ वर्षं हा शब्द त्याच्या कानावर पडला नव्हता याचं मला बरं वाटलं. पण तो पहिल्यांदा समजावून सांगायची पाळी माझ्यावरच यावी, याने घसा दाटला. मी "नंतर सांगते" म्हणून उठले.

रात्री शब्दाच्या मागे लागले. इंग्रजीतल्या या 'स्टेप'चा पायरीशी काहीच संबंध नाही. जुन्या इंग्रजीत 'स्टेओप' म्हणजे ज्याचं माणूस गेलं आहे असा, पोरका. म्हणजे तो शब्द मुळात मुलाकडे बघून तयार झालेला आहे. आपला 'सावत्र' मात्र सवतीच्या घरातला. संस्कृत सपत्नी, प्राकृत सवत्ती, मराठी सवत. सापत्न आणि सावत्र ही त्याच कुळातली. त्यात मूल कुठेच नाही, आहेत त्या एका नवऱ्याच्या दोन बायका. मी कुणाची सवत नाही. माझ्या मुलाची आई चार वर्षांपूर्वी गेली, मी तिला कधी पाहिलंही नाही. तरी आम्हा दोघींना समोरासमोर उभं करणाऱ्या शब्दानेच माझं आणि त्याचं नातं सांगायचं का?

जाणकारांनी सांगावं: रोजच्या बोलण्यात दुसरा शब्द आहे का? आणि अशा घराला मराठीत काय म्हणायचं?

सोलापूरहून, निवृत्त मराठी शिक्षक

ताई, व्युत्पत्ती तुम्ही बरोबर लावलीत. त्यात थोडी भर घालतो.

'सावत्र' सवतीवरून आला, म्हणून त्याचं मूळ क्षेत्र एकाच बापाच्या, पण वेगवेगळ्या आयांच्या मुलांचं. ध्रुव आणि उत्तम हे खरे सावत्र भाऊ: बाप उत्तानपाद, आया सुनीती आणि सुरुची. ब्रॅडींची मुलं तशी नाहीतच. त्यांच्यात ना बाप एक, ना आई एक. इंग्रजी अशा दोन नात्यांना दोन शब्द देते, 'हाफ' आणि 'स्टेप'. आपण दोन्हींना 'सावत्र'च म्हणतो. एकाच आईची, पण वेगळ्या बापांची मुलं असली तर 'सहोदर' हा नेमका शब्द आहे, पण बोलताना तो सख्ख्यांनाच लावला जातो. कायद्याने मात्र हे भेद पाळले आहेत. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात सख्खं नातं, एका पित्याचं पण दोन पत्नींकडून आलेलं नातं आणि एका मातेचं पण दोन पतींकडून आलेलं नातं, यांच्या वेगळ्या व्याख्या आहेत.

भाषेत ही उणीव का राहिली, याचं कारण उघड आहे. पुरुषाचं दुसरं लग्न सहज होत असे; त्याला 'बिजवर' हा रोकडा शब्द मिळाला. बाईसाठी तसा शब्दच नाही. विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्याने मान्यता १८५६ साली मिळाली, पण पांढरपेशा घरांत तो रुळायला पुढे कितीतरी काळ जावा लागला. आई मुलाला घेऊन नव्या घरी जाते, हे चित्रच त्या घरांना नवं होतं, मग त्याला शब्द कुठून येणार? उलट एका पत्नीच्या हयातीत दुसरी करायला आपल्याकडे, म्हणजे मुंबई प्रांतात, १९४६च्या कायद्याने बंदी आली. सवत गेली, सावत्र राहिला.

कॅरलचं वाक्य मराठीत आणायचंच असेल तर मी असं आणीन: "या घरात सवतच नाही, तर सावत्र कुठून येणार?"

नागपूरहून

सरांचं वाक्य फार आवडलं, पण नऊ वर्षांच्या पोराला आधी सवत समजवावी लागेल. ते आणखी कठीण!

मला दुसरी अडचण दिसते. 'सावत्र' आता नात्याचा शब्द कमी आणि तक्रारीचा जास्त झाला आहे. आम्ही विदर्भातली माणसं लहानपणापासून वर्तमानपत्रांत 'विदर्भाला सापत्न वागणूक' वाचत मोठी झालो. निधी कमी आला की सावत्रपणा, रेल्वेगाडी मिळाली नाही की सावत्रपणा. नात्याचं विशेषण असं थेट अन्यायाचं नाव होऊन बसतं, असं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. चुलत वागणूक, मावस वागणूक असं कोणी म्हणत नाही. म्हणून 'सावत्र आई' म्हटलं की ती बाई काही करायच्या आधीच दोषी ठरते. ताई, तुमचा घसा दाटला तो यामुळेच.

कोल्हापूरहून

सरांनी पांढरपेशा घरांचं सांगितलं ते खरं, पण सगळा महाराष्ट्र तसा नव्हता. आमच्याकडे बाईचं दुसरं लग्न लागायचं, त्याला 'पाट' म्हणायचे, कुठे 'मोहतूर'. पाट लावून आलेल्या बाईबरोबर तिचं मूलही यायचं. म्हणजे असं घर आपल्याला नवं नाही. ते लिहिणाऱ्यांच्या घरात नव्हतं, एवढंच.

आणि हाक मारताना 'सावत्र' कोण वापरतं? माझ्या आजोबांचं दुसरं लग्न आजीच्या धाकट्या बहिणीशी झालं. माझे वडील तिला जन्मभर 'मावशी' म्हणाले, कारण ती आधी मावशीच होती. आम्ही नातवंडं तिला आजीच म्हणायचो. ती गेली तेव्हा गुरुजींनी विचारलं, "तुमची आई ना?" वडील नुसते "व्हय" म्हणाले आणि पुढं बसले. मावशी म्हणत म्हणत ती आई झाली होती आणि त्यात कुणाला काही खटकलं नाही. तुमचा मुलगा तुम्हाला काय हाक मारतो? माझ्या मते शब्द तिथंच आहे.

म्युनिकहून

जर्मन भाषेत अशा घराला 'पॅचवर्क-फामिलिए' म्हणतात, तुकडे जोडून शिवलेलं कुटुंब. इथे हा शब्द सहज वापरतात, त्यात हिणवण्याचा सूर नाही. तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला थेट गोधडीच आठवली. 'गोधडी कुटुंब' कसं वाटतं?

कोल्हापूरहून

ताई, गोधडी उबेची खरी, पण ती शिवतात जुनेरांची. नव्या संसाराला जुनेर म्हणायला माझा हात धजत नाही. आमच्याकडं तिला वाकळ म्हणतात, आणि 'वाकळ कुटुंब' तर मुळीच नको!

मुंबईहून

गुजरातीत आईचं बोट धरून नव्या घरी आलेल्या मुलाला 'आंगळियात' म्हणतात, आंगळी म्हणजे बोट. समाजात त्या शब्दालाही हिणकस वास चिकटला आहे, पण चित्र किती नेमकं आहे! सवत नाही, पोरकेपण नाही, नुसतं धरलेलं बोट. हा शब्द तसाच्या तसा घ्या असं म्हणत नाही. पण शेजारच्या भाषेने मुलाकडे बघून शब्द केला, याची नोंद असावी.

बाकी 'मिश्र कुटुंब' म्हटलं की लोकांना आंतरजातीय लग्न आठवतं, आणि 'संमिश्र' हे सरकारी कागदावरचं वाटतं. माझं मत 'जोडकुटुंब'ला. जोडाक्षरात जशी दोन व्यंजनं आपापला आवाज ठेवून एकत्र उच्चारली जातात, तसं.

पुण्याहून, विद्यार्थी

'मॉडर्न फॅमिली' ही २००९ ते २०२० मधली मालिका पाहिली असेल, तर तिथली नाती मराठीत सांगून बघा. 'जे' नावाचा म्हातारा तरुण ग्लोरियाशी लग्न करतो, तिचा मुलगा मॅनी बरोबर येतो. जेची मोठी मुलगी क्लेअर, तिचा मुलगा ल्यूक, आणि ल्यूक न् मॅनी जवळपास एका वयाचे. इंग्रजीत 'अंकल' म्हटलं की भागतं. मराठीत मॅनी ल्यूकचा मामा लागतो! एका वर्गात बसायच्या वयाचा मामा. पुढे जे आणि ग्लोरियाला 'जो' नावाचा मुलगा होतो, तो तर पाळण्यातला मामा. तिथे 'सावत्र' जोडून गंमत घालवू नये. 'मामा' एवढाच शब्द घर उभं करतो.

मूळ लेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. कोल्हापूरच्या ताईंनी विचारलं की मुलगा काय हाक मारतो. पहिले सहा महिने काहीच नाही. समोर येऊन उभा राहायचा आणि मी बघेपर्यंत थांबायचा. आता माझ्या मुलीचं ऐकून 'आई गं' म्हणतो, तेही 'गं'वर जोर देऊन.

पण हाकेच्या आधी एक दुसरा शब्द बदलला होता, आणि तो मला या चर्चेमुळे आठवला. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे आहेत. 'आम्ही'त समोरचा नसतो, 'आपण'त असतो. इंग्रजीला दोन्हीकडे एकच शब्द पुरतो. नवीन नवीन असताना जेवताना तो म्हणायचा, "आमच्याकडे आमटीत गूळ नाही घालत." 'आमच्याकडे' म्हणजे तो आणि त्याचे बाबा, मी आणि माझी मुलगी बाहेर. माझी मुलगी काही कमी नाही. तिचं उत्तर तयार: "आमच्याकडे घालतात." एकाच टेबलावर दोन 'आमच्याकडे'. मी तेव्हा गप्प बसायचे आणि दोन भांड्यांत आमटी करायचे. मग एका सकाळी शाळेच्या घाईत त्याने फडताळ उघडून विचारलं, "आपल्याकडचा गूळ संपला का?" गुळाची पोळी हवी होती त्याला. मी डबा शोधायच्या निमित्ताने पाठ फिरवली.

ब्रॅडींच्या एका भागात नेमकं हेच घडतं. खरेदीवर दुकानात शिक्के मिळतात, ते वह्यांत चिकटवायचे आणि भरलेल्या वह्या देऊन वस्तू घ्यायची. अशा वह्या मुलींकडे ५४ आणि मुलांकडे ४०. मुलींना शिलाई मशीन हवंय, मुलांना होडी, आणि एकट्याच्या वह्यांत कुणाचंच भागत नाही. पत्त्यांचा बंगला रचायची पैज लागते. मुली जिंकतात, आणि सगळ्यांना मिळून बघता येईल असा टीव्ही घेऊन येतात. मराठीत तो भाग करायचा झाला तर पहिला अर्धा भाग 'आमच्या वह्या'वर चालेल आणि शेवटी कुणीतरी 'आपला टीव्ही' म्हणेल. तिथे पार्श्वसंगीताचीही गरज पडणार नाही.

'जोडकुटुंब' मला पटलं. चारचौघांत सांगायला ते वापरीन. 'सावत्र' कागदावर लिहावा लागला तर लिहीन, घरात आणणार नाही. नागपूरच्या दादांचं म्हणणं खरं आहे, त्या शब्दावर आधीच निकाल लिहिलेला आहे.

मुलाला मी काल सांगितलं. म्हटलं, एखाद्याची आई गेली किंवा दूर राहते, आणि दुसरी आई येते, तेव्हा लोक तिला तसं म्हणतात. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "परत लाव ना तो भाग." पुन्हा लावला. बॉबी निघतो, कॅरल बॅग घेऊन येते, पायऱ्यांचं वाक्य होतं. त्याचं त्या वाक्याकडे लक्षच नव्हतं. तो जवळ सरकून बसला आणि त्याने विचारलं, "तिची बॅग खरंच भरलेली होती का गं?"

मी म्हटलं, "हो. भरलेली होती."