जांभा दगडाची पूड केमिकल लूपिंगला चालेल का?

राधानगरीकर:
एमटेकचा प्रोजेक्ट आहे, कोल्हापुरातच. साखर कारखान्याचा बगॅस (उसाचं चिपाड) जाळायचा, पण हवेऐवजी ऑक्सिजन खनिजातून द्यायचा (यालाच केमिकल लूपिंग म्हणतात), म्हणजे नायट्रोजन मधे येत नाही आणि सीओटू वेगळा काढायला सोपा. जांभ्याची पूड बगॅसच्या कोळशाबरोबर ८५० डिग्रीला झाकून तापवली तर लाल पूड काळी झाली आणि लोहचुंबकाला चिकटली, मग उघड्या हवेत तापवली की परत तांबूस. हेच घेऊन पुढं जाऊ का इल्मेनाइट (लोह-टायटॅनियमचं खनिज) आणू?

भट्टीवाला:
भावा, सुरुवात लई भारी केलीस! पण जांभ्यात गोएथाइट म्हणजे पाणी धरलेलं लोहखनिज असतंय, ते आधी भाजून घालव, नाहीतर वजनाचा हिशोब सगळा चुकतोय. आणि शुद्ध हेमाटाइटसुद्धा (लाल लोह ऑक्साइड) मॅग्नेटाइट (काळं, चुंबकाला चिकटणारं) होईपर्यंत वजनाच्या फक्त ३.३ टक्केच ऑक्सिजन देतं, तुझ्या जांभ्यात ऑक्सिजन न देणारं ॲल्युमिना भरपूर, म्हणजे त्याहून कमीच मिळणार.

रेतीघाट:
इल्मेनाइट रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत आहे. पहिल्या काही सायकलला (ऑक्सिजन देणं आणि परत घेणं म्हणजे एक सायकल) मंद वाटेल, घाबरू नका, दाण्याला छिद्रं पडत जातात तसा तो चांगला चालायला लागतो. स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठात १२ मेगावॅटच्या बॉयलरमधे वाळूच्या जागी वापरलाय.

भट्टीवाला:
आणि बगॅसची राख विसरू नकोस, त्यातला पोटॅशियम आणि सिलिका मिळून वितळतात आणि दाणे एकमेकांना चिकटतात, माझं बेड (भट्टीतला दाण्यांचा थर) असंच गोळा होऊन बसलेलं, दोन दिवस छिन्नीनं फोडत होतो.

राधानगरीकर:
मग आधी जांभा भाजून वजन घेतो, दहा सायकल करतो आणि आकडे इथंच टाकतो.