पाचव्या महिन्यात कच्चे तांदूळ आणि पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटते, काय करू?

जास्वंद:
पहिलीच वेळ आहे, पाचवा महिना चालू आहे. कुणाला सांगायची लाज वाटते म्हणून इथे लिहितेय. तांदूळ निवडायला बसले की मूठभर तरी तोंडात जातात आणि गेल्या १५ दिवसांत पाटीवरच्या पेन्सिलींचा अख्खा बॉक्स संपवला, ओल्या मातीचा वास आला तरी तोंडाला पाणी सुटतं. सासूबाई म्हणतात डोहाळे आहेत, पुरवले नाहीत तर बाळाची लाळ गळते. हिमोग्लोबिन ९.१ आलंय. लोहाच्या गोळ्या दिल्यात पण शी काळी व्हायला लागली आणि पोट साफ होईना म्हणून आठ दिवसांत मीच बंद केल्या. बीट, डाळिंब रोज खाते, तेवढ्याने भरून निघेल का?

दोन लेकरांची आई:
अगं लाज कसली, मी भाजकी माती खायचे, पदरात लपवून. रक्त कमी असलं की असं माती, खडू, कच्चे तांदूळ खावंसं वाटतं हे मला खूप उशिरा कळलं. गोळ्या नीट घेतल्यावर महिनाभरात ती ओढ आपोआप गेली, मन मारावं लागलंच नाही. डॉक्टरांना पेन्सिलीचं नक्की सांग, मी लपवलं होतं ते चुकलंच माझं.

गावची आशा:
ताई, मी आशा स्वयंसेविका आहे, रोज हेच बघते. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, तुमचं तर ९.१ आहे, ते नुसत्या बीट-डाळिंबाने भरत नाही, त्यात लोह फारसं नसतं. शी काळी होणं गोळीमुळेच असतं, घाबरू नका. सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, चौथ्या महिन्यापासून रोज एक अशी १८० दिवस देतो, पण तुमचं रक्त कमी आहे तर किती घ्यायच्या ते डॉक्टरच सांगतील. आजच फोन करून विचारा आणि परत सुरू करा. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी एकत्र कधीच नको, मध्ये दोन तास तरी जाऊ द्या. दुधाबरोबर नको, चहाबरोबर तर नकोच, लिंबूपाण्याबरोबर घेतली तर अंगी लागते. पोटासाठी पाणी भरपूर आणि रात्री भिजवलेल्या मनुका. पेन्सिल आणि माती मात्र बंदच करा, त्यात काय मिसळलेलं असतं कळत नाही आणि मातीतून जंत होतात, जंत झाले की आहे ते रक्तही कमी होतं.

जास्वंद:
मी गोळी चहाबरोबरच घेत होते 😔 आणि दिवसातून तीनदा चहा होतो. मग खायचं काय, गोळ्यांशिवाय?

दोन लेकरांची आई:
चहा जेवणानंतर तासाभराने घे आणि एकदोन कपांवर आण. बाजरीची भाकरी, मोड आलेली मटकी, चवळी, मेथी, आणि वर लिंबू पिळायचंच. खात असशील तर मटण, मासे नीट शिजवून. नाचणी खा पण ती कॅल्शियमसाठी, रक्तासाठी एकट्या नाचणीवर राहू नकोस. सासूबाईंना सांग डोहाळे पुरवायचेच असतील तर आवळ्याचं लोणचं घाला.

गावची आशा:
आणि महिन्याने परत रक्त तपासा. वाढलं नसेल तर सलाइनमधून लोह देतात, तेव्हा ते घ्यायचं टाळू नका. दम लागणं, छातीत धडधड असं काही झालं तर महिन्याची वाट न बघता लगेच दवाखान्यात जा.