ऑर्तोना, १९४३: रस्ता सोडून भिंतीतून का गेले कॅनडाचे सैनिक?

पेठकर, सोलापूर
शाळेच्या प्रदर्शनासाठी मुलं ऑर्तोनाच्या लढाईचं थर्माकोलचं मॉडेल करायलेत. कॅनडाच्या सैनिकांनी घरांच्या भिंती फोडत हे इटालियन शहर घेतलं, एवढंच माहीत आहे. भिंत नेमकी कशी फोडायचे? रणगाडे होते की, मग ते काय करत होते? आणि आपले मराठे तिथं होते का?

भुईकोट
रणगाडे होते, थ्री रिव्हर्स रेजिमेंटचे शर्मन. पण जर्मन छत्रीधारी सैनिकांनी बाजूच्या गल्ल्यांतली घरं पाडून त्या राडारोड्यानं बुजवल्या होत्या. मोकळा ठेवला तो मुख्य रस्ता, म्हणजे हल्ला करणारा आपोआप चौकातल्या माऱ्यात यावा. ढिगाऱ्यात सुरुंगही पेरलेले.

घरं मात्र आपल्या जुन्या पेठांसारखी भिंतीला भिंत लावून. मग एडमंटन आणि सीफोर्थ या दोन पलटणींनी असं केलं: वरच्या मजल्यावर सामाईक भिंतीला ‘बीहाइव्ह’ स्फोटक टेकवायचं, सगळ्यांनी तळमजल्यावर आडोशाला थांबायचं. स्फोट झाला की धूळ खाली बसायच्या आत वर धावून भगदाडातून पलीकडे. तिथून ग्रेनेड आणि टॉमीगन घेऊन एकेक मजला खाली. वरून उतरण्यातच सगळा फायदा आहे, जिन्यातून ग्रेनेड खाली टाकता येतो. तळमजल्यावरून शिरणाऱ्याच्या डोक्यावर तो पडतो.

मॉडेलमध्ये भगदाडं वरच्या मजल्यावरच दाखवा, बहुतेक जण खाली दाखवतात. सहा पौंडी रणगाडाविरोधी तोफाही विसरू नका, त्या जवळूनच घरांवर आणि ढिगाऱ्यांवर डागल्या जात.

रेल्वे लाइन्स
यात धोका असा की रिकामं दिसणारं घर आधीच स्फोटकं भरून ठेवलेलं असायचं. अशाच एका घरात एडमंटनची अख्खी प्लाटून गाडली गेली. त्यातला एक जण साडेतीन दिवसांनी जिवंत काढला.

एक दुरुस्ती. ही युक्ती कॅनडावाल्यांनी शोधली असं सर्रास लिहितात, ते चूक. १८४६ साली मेक्सिकोतल्या मॉन्तेरेला अमेरिकी सैन्यानं हेच केलं होतं आणि ब्रिटिश प्रशिक्षणातही ती होती. ऑर्तोनात ती गाजली, एवढंच. शहरातली झुंज २० ते २८ डिसेंबर. २७च्या रात्री जर्मन स्वतःहून निघून गेले.

भुईकोट
मराठ्यांचं राहिलं. शहरात ते नव्हते. १/५ मराठा ही पलटण ज्यात होती ती ८वी भारतीय डिव्हिजन कॅनडावाल्यांच्या डावीकडे, समुद्रापासून आतल्या बाजूला होती. व्हिला ग्रांदे हे गाव तिनं घेतलं. तिच्या सॅपर्सनी, म्हणजे लष्करी अभियंत्यांनी, मोरो नदीवर बेली पूल (सुटे पोलादी भाग जोडून करतात तो) उलटा बांधला. अलीकडच्या काठावर रस्त्याला असं वळण होतं की पूल पुढं ढकलायला जागाच नव्हती. मग सामान पलीकडे, शत्रूच्या बाजूला नेलं आणि तिथून इकडे बांधत आणला. जागा उरली तर हा पूल मॉडेलच्या दक्षिणेला नक्की घ्या. शहराच्या नकाशात मात्र नको, तो बराच बाहेर आहे.

पेठकर, सोलापूर
भगदाडं खालीच काढली होती पोरांनी. बदलायला सांगतो. मोरोच्या लढाईपासून शहरापर्यंत कॅनडाचे किती गेले?

रेल्वे लाइन्स
मोरो नदीजवळच्या युद्धस्मशानात १,६१५ कबरी आहेत, त्यांतल्या १,३७५ कॅनेडियन. पण सगळे शहरात पडले असं लिहू नका. शहराच्या अलीकडे ‘गली’ नावाच्या खोल घळीपाशीही खूप गेले.