विहिरीच्या पाण्यात नायट्रेट 78 : पाणी उकळून बाळाला दिल्यास चालेल का?

प्रश्न : तापीकाठची शिक्षिका

नमस्कार. मी यावल तालुक्यातील एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या गावात नळाचे पाणी तीन-चार दिवसांआड येते, त्यामुळे घरातील पिण्याचे पाणी आम्ही पूर्वीपासून मळ्यातल्या विहिरीचेच आणतो. दिवाळीनंतर शाळेच्या पाण्याचा नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत जाणार होता, तेव्हा शुल्क भरून मी आमच्या विहिरीचाही एक नमुना सोबत पाठवला. त्याचा अहवाल परवा हाती आला. पीएच 7.6, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) 520, कठीणपणा 190, फ्लोराइड 0.6 आणि नायट्रेट 78, अशा नोंदी असून खाली ‘नायट्रेटचे प्रमाण मर्यादेपेक्षा अधिक असल्याने पिण्यास अयोग्य’ असा शेरा आहे.

मला हा शेरा समजत नाही. पाणी नितळ आहे, चवीला गोड आहे, त्यात डाळ लवकर शिजते. ग्रामपंचायतीत चौकशी केली असता, प्रयोगशाळेचे लोक अर्ध्या विहिरींना असेच लिहितात, उकळून प्या म्हणजे काही होत नाही, असे सांगण्यात आले. माझी भावजय बाळंतपणाहून परत आली आहे. बाळ दोन महिन्यांचे असून अंगावरचे दूध पुरत नाही म्हणून त्याला पावडरचे दूध चालू आहे. ते दूध याच विहिरीच्या, पंधरा मिनिटे उकळलेल्या पाण्यात कालवले जाते. हे योग्य आहे का? शासनाची प्रयोगशाळा नेमके काय तपासते आणि तिच्या शेऱ्यावर कितपत विसंबावे, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : निवृत्त रसायनतज्ज्ञ, धुळे

ताई, बाकीचे सर्व नंतर वाचा. बाळाचे दूध त्या पाण्यात कालवणे आजच थांबवा. ज्या पाण्याचा नायट्रेट मर्यादेत असल्याचा अहवाल आहे ते पाणी, किंवा ते मिळेपर्यंत सीलबंद बाटलीतले पाणी वापरा आणि तेही उकळून, कोमट करून घ्या. बाळाच्या ओठांचा, नखांचा किंवा जिभेचा रंग निळसर-राखाडी दिसला, बाळ मलूल वाटले किंवा धाप लागली, तर घरगुती उपाय न करता थेट रुग्णालयात न्या आणि डॉक्टरांना हा अहवाल दाखवा. वेळेत ओळखल्यास यावर उपचार आहे. अंगावरचे दूध मात्र चालू ठेवावे. आईच्या पिण्यातला नायट्रेट तिच्या दुधात साचत नाही.

आता कारण सांगतो. उकळल्याने जंतू मरतात, परंतु नायट्रेट हा पाण्यात विरघळलेला क्षार आहे आणि तो वाफेबरोबर उडून जात नाही. पंधरा मिनिटे उकळून एक लिटर पाण्याचे आठशे मिलिलिटर उरले असेल, तर तुमच्या 78 चे साधारण 97 झाले. म्हणजे ज्या काळजीपोटी आपण पाणी जास्त वेळ उकळता, त्याच काळजीने हा आकडा वाढत गेला आहे. तुरटी, कापडाची गाळणी, कँडल फिल्टर, अतिनील दिव्याचे यंत्र किंवा टीसीएल (जंतू मारण्याची ब्लीचिंग) पावडर यांपैकी कशानेही नायट्रेट जात नाही. घरगुती उपायांत आरओ पद्धतीच्या यंत्राने तो कमी होतो, पण यंत्रातून निघालेल्या पाण्याचा नमुनासुद्धा तपासून घ्यावा लागतो.

भारतीय मानक आयएस 10500 यात नायट्रेटची मर्यादा 45 मिलिग्रॅम प्रति लिटर आहे आणि तिला सवलत नाही. टीडीएससाठी 500 ही स्वीकारार्ह मर्यादा असली, तरी दुसरा स्रोत नसल्यास 2000 पर्यंत चालवून घेता येते. कठीणपणासाठी 200 आणि 600 अशा दोन मर्यादा आहेत. फ्लोराइडसाठी 1 आणि 1.5. नायट्रेटच्या रकान्यात मात्र दुसरा आकडाच नाही. तान्ह्या बाळाच्या जठरात आम्ल कमी असते, तिथले जिवाणू नायट्रेटचे नायट्राइट करतात आणि ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला अशा रूपात बदलते की त्याला प्राणवायू वाहता येत नाही. सहा महिन्यांच्या आतील बाळांना हा धोका सर्वाधिक असतो. तेच पाणी पिऊन घरातील मोठ्या माणसांना वर्षानुवर्षे काही जाणवत नाही आणि म्हणूनच शेऱ्यावर विश्वास बसत नाही.

डाळ शिजण्याविषयी आपण लिहिले आहे. ही परीक्षा खोटी नाही, पण ती फक्त कठीणपणाची परीक्षा आहे. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले की डाळ शिजायला वेळ लागतो. आपल्या पाण्यात ते 190 आहेत, म्हणून ती लवकर शिजते. नायट्रेट ना डाळीला कळतो, ना जिभेला.

तो प्रयोगशाळेत कसा दिसतो, हे सांगतो. मी नोकरीला लागलो तेव्हा आम्ही नमुन्यातील क्लोराइड आधी काढून टाकून, ठरावीक पाणी चिनी मातीच्या बशीत उकळत्या पाण्याच्या वाफेवर पूर्ण आटवत असू. तळाशी पांढरट पापुद्रा उरे. त्यावर फिनॉल डायसल्फोनिक आम्ल घालून, पाणी मिसळून अमोनिया टाकला की नायट्रेट असलेल्या नमुन्याला पिवळा रंग चढत असे. ज्या विहिरीचे पाणी बाटलीत काचेसारखे स्वच्छ दिसे, तिचाच रंग कधीकधी हळदीच्या पाण्याइतका गडद होई. आज बहुतेक ठिकाणी 220 नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात यंत्रावर हे मोजमाप होते. बशीतला पिवळा रंग मात्र मी अनेक सरपंचांना समोर उभे करून दाखवला आहे, कारण कागदावरच्या आकड्यापेक्षा तो त्यांना लवकर पटत असे.

उत्तर : कांदेबाग, रावेर तालुका

मी रसायनतज्ज्ञ नाही, केळीउत्पादक आहे. हा नायट्रेट कुठून येतो, याबद्दल आपल्या भागातल्या माणसांनीच बोलले पाहिजे, असे मला वाटते.

केळीला एका झाडामागे 200 ग्रॅम नत्राची शिफारस आहे. युरियात 46 टक्के नत्र असते, म्हणजे झाडामागे साधारण 435 ग्रॅम युरिया. दीड मीटर बाय दीड मीटर लागवडीत हेक्टरी 4444 झाडे बसतात. सगळे नत्र युरियातून द्यायचे म्हटले, तर हेक्टरी 45 किलोच्या सुमारे 43 गोण्या होतात आणि हा हिशेब नुसत्या शिफारशीचा आहे. आमच्या शिवारात त्याहून जास्त टाकणारे शेतकरी मला माहीत आहेत. पूर्वी मीही त्यांपैकी एक होतो. झाडाने न उचललेला नत्राचा भाग जमिनीत नायट्रेट होतो आणि पाटाने भरपूर पाणी दिले की तो मुळांच्या खाली उतरतो. तापीकाठच्या गाळाच्या जमिनीत आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या मुरमाड पट्ट्यात तो खाली जायला वेळ लागत नाही. ठिबकमधून नत्र थोड्या थोड्या हप्त्यांनी द्यायला लागल्यापासून माझा युरियाचा खर्च उतरला आणि झाड पूर्वीसारखेच पोसले.

दोष एकट्या युरियाला देऊ नये, हेही सांगतो. ताईंनी विहिरीपासून उकिरडा, गोठा आणि शौचालयाचा शोषखड्डा किती अंतरावर आहे, ते पाहावे. आमच्या मळ्यात शेणखताचा ढीग विहिरीच्या काठापासून वीस पावलांवर होता आणि तो हलवायचे आम्हाला कित्येक वर्षे सुचले नव्हते.

उत्तर : आशा सेविका, चोपडा तालुका

रसायनतज्ज्ञ काकांनी सांगितले ते बरोबरच आहे, परंतु हे वाचून कोणी पाणी उकळणे सोडू नये म्हणून लिहीत आहे. प्रयोगशाळेत पाण्याच्या दोन वेगळ्या तपासण्या होतात. रासायनिक तपासणीत क्षार कळतात आणि जैविक तपासणीत जंतू. ताईंचा अहवाल रासायनिक आहे; त्या पाण्यात जंतू आहेत की नाहीत, हे त्यातून कळत नाही. जैविक तपासणीची बाटली वेगळी असते. ती निर्जंतुक केलेली असते आणि तोटी ज्योतीने भाजून, बुचाच्या आतल्या बाजूला बोट न लावता भरावी लागते. मग बर्फाच्या डब्यात ठेवून चोवीस तासांच्या आत, जमल्यास त्याहून बरीच आधी, ती प्रयोगशाळेत पोहोचली पाहिजे.

दुसरी गोष्ट टीसीएलची. एका पावसाळ्यात आमच्या एका पाड्यावर जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढले. टाकीत रोज टीसीएल पडत असल्याची नोंदवही पूर्ण होती, तरी नळाच्या पाण्याची ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन उरले असल्यास पिवळा रंग दाखवणारी) केली की पिवळा रंग येतच नव्हता. शेवटी वैद्यकीय अधिकाऱ्यांनी गोणीतल्या पावडरीचाच नमुना जिल्ह्याला पाठवला. त्यात उपलब्ध क्लोरीन फक्त 11 टक्के निघाले. गोणी ओल आलेल्या भिंतीला टेकून, तोंड उघडे ठेवून महिनाभर पडली होती. नवीन पावडर आली, ती झाकणाच्या ड्रममध्ये ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी ओटी चाचणीत पिवळा रंग दिसला. तो आकडा आला नसता, तर आम्ही लोकांच्या हात धुण्यालाच दोष देत बसलो असतो.

प्रतिसाद : निवृत्त रसायनतज्ज्ञ, धुळे

आशाताईंनी सांगितलेली तपासणी आमच्या कामातील सर्वांत साधी आणि माझ्या मते सर्वांत उपयोगाची आहे. चांगल्या ताज्या पावडरीत साधारण 33 टक्के उपलब्ध क्लोरीन असते. हवा, ऊन आणि ओल लागली की ते उडत जाते. 20 टक्क्यांखाली गेलेली पावडर आम्ही निकृष्ट ठरवतो. वजन केलेली पावडर पाण्यात खलून तिच्यात पोटॅशियम आयोडाइड आणि ॲसिटिक आम्ल घालतात. जेवढे क्लोरीन तेवढे आयोडीन मोकळे होते आणि द्रावण तपकिरी दिसते. मग ब्युरेट या खुणा केलेल्या काचनळीतून थायोसल्फेटचे थेंब सोडत जायचे, रंग फिकट पिवळा झाला की स्टार्च घालायचा, त्याने द्रावण गर्द निळे होते आणि ज्या थेंबाला तो निळा रंग नाहीसा होतो, तिथे आकडा वाचायचा. या कामाला पाऊण तास पुरतो. टाकीवर रोज पावडर टाकणाऱ्या माणसाला मात्र ती पावडर उरली आहे की नुसता चुना, हे डोळ्यांनी कधीच कळणार नाही.

प्रतिसाद : तापीकाठची शिक्षिका

आपल्या सर्वांचे मनापासून आभार. बाळाचे दूध कालच बदललेल्या पाण्यात सुरू केले आणि बाळाला डॉक्टरांना दाखवून आणले. रंग, श्वास सर्व ठीक आहे. शोषखड्ड्याचे अंतर मोजले. विहिरीपासून तो अठरा पावलांवर आहे आणि उताराच्या वरच्या बाजूला आहे. दोन शंका उरल्या आहेत. पुन्हा नमुना द्यायचा झाल्यास तो कसा द्यावा? आणि गावातील दुधाविषयीही तक्रारी आहेत, तर दुधाची तपासणी याच प्रयोगशाळेत होईल का?

प्रतिसाद : निवृत्त रसायनतज्ज्ञ, धुळे

दुधाचे आधी सांगतो. त्यासाठी अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार द्यावी. अन्नसुरक्षा अधिकारी कायद्याने ठरवलेल्या रीतीने नमुना घेऊन त्याचे चार भाग करतात आणि अन्न विश्लेषकाने 14 दिवसांत अहवाल द्यायचा असतो. अन्नसुरक्षा व मानके कायदा, 2006 याच्या कलम 40 प्रमाणे ग्राहकालाही शुल्क भरून विकत घेतलेला पदार्थ विश्लेषकाकडून तपासून घेता येतो, मात्र तसे करणार असल्याचे विक्रेत्याला खरेदीच्या वेळी सांगावे लागते.

पाण्याचा नमुना देताना आधी पंप पाच-दहा मिनिटे चालू ठेवा, म्हणजे पाइपात तुंबलेले पाणी निघून जाईल. प्लास्टिकचा कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा. तेलाचा किंवा औषधाचा जुना कॅन कितीही धुतलेला असला तरी वापरू नका. चिठ्ठीवर गाव, गट क्रमांक, विहिरीची खोली, तारीख आणि वेळ लिहा आणि कॅन उन्हात न ठेवता त्याच दिवशी पोहोचवा. सोबत गावच्या नळाच्या पाण्याचाही एक नमुना द्या. तो मर्यादेत निघाला, तर पिण्यासाठी साठवायचे पाणी कोणते, हा तुमचा प्रश्न सुटेल. विहिरीचा एक नमुना पावसाळ्यापूर्वी आणि एक पावसाळ्यानंतर असावा, कारण पहिल्या मोठ्या पावसात शेतातला नायट्रेट खाली उतरतो.

नवा अहवाल आल्यावर नायट्रेट कोणत्या रूपात लिहिला आहे, हेही पाहा. काही प्रयोगशाळा तो नायट्रेट म्हणून न लिहिता त्यातील नायट्रोजन म्हणून लिहितात आणि तेव्हा 45 ऐवजी सुमारे 10 ही मर्यादा धरायची असते. 14 हा आकडा पाहून पाणी चांगले आहे असे समजलेली दोन घरे मी पाहिली आहेत; तो आकडा नायट्रेटच्या रूपात 62 होतो. आपल्या अहवालातील 78 च्या रकान्याच्या मथळ्याशी काय छापले आहे, ते येथे लिहिल्यास मी खात्री करून सांगेन.

प्रतिसाद : तापीकाठची शिक्षिका

‘नायट्रेट म्हणून’ असेच छापले आहे. शोषखड्डा उताराच्या खालच्या बाजूला हलवण्यासाठी सोमवारी गवंडी येणार आहे आणि दोन्ही कॅन मंगळवारी प्रयोगशाळेत देईन.