हाताने बनवलेल्या सांध्यात डब्यांची चाके फ्रॉगला आपटतात

प्रश्न

मी एचओ प्रमाणात (१:८७, गेज म्हणजे दोन रुळांमधील अंतर १६.५ मिमी) कर्जत यार्डाची छोटी प्रतिकृती करीत आहे. घाट चढण्यासाठी गाड्यांना बँकर (जादा जोर देणारी) इंजिने तिथे जोडली जातात, त्यामुळे सांधे, म्हणजे गाडीला एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या रुळांच्या जोडण्या, पुष्कळ लागतात. म्हणून तांब्याचा थर असलेल्या पीसीबीच्या (सर्किट बोर्डच्या) स्लीपरवर कोड ८३ चे (०.०८३ इंच उंचीचे) रूळ डाखून १:६ चा (सहा लांबीला एक दूर जाणारा) पहिला सांधा घरीच केला. सरळ मार्गावर गाडी सुरळीत जाते, वळणाच्या मार्गावर मात्र काही डब्यांची चाके फ्रॉगच्या, म्हणजे दोन मार्गांचे रूळ एकमेकांना छेदतात तिथल्या टोकदार भागाच्या, टोकाला आपटून भलत्या बाजूला शिरतात. चेक रेल (फ्रॉगसमोर रुळाच्या आतून बसवलेला छोटा रूळ) आणि शेजारचा रूळ यांतील फट १.२ मिमी आहे, म्हणजे ती बरोबरच असावी. शिवाय त्याच मार्गावर इंजिनाची चाके फ्रॉगपुढील इन्सुलेशनची फट ओलांडताना शॉर्ट होतो. चूक कुठे असेल?

उत्तर १

आपण फट मोजलीत, पण ज्या रुळापासून मोजलीत तो स्वतः जागेवर आहे का, हे तपासलेले दिसत नाही. चेक रेलचे काम चाकाला आतून धरून त्याच आसावरचे दुसरे चाक फ्रॉगच्या टोकापासून दूर ठेवणे हे आहे, त्यामुळे खरे माप फ्रॉगच्या टोकापासून चेक रेलच्या चाक घासणाऱ्या कडेपर्यंतचे: १६.५ वजा १.२, म्हणजे १५.३ मिमी. डाख देताना रूळ तापून सरकतो, आणि गेज तिथे ०.२ मिमीने जरी आवळले गेले तरी फट १.२ च दिसते, पण हे माप १५.१ वर येते. बाहेरचा रूळ आणि चेक रेल दोन्ही सोडवून गेजचे मापक लावून पुन्हा डाखा, आणि चेक रेल शेवटी बसवा. टोकाला कानस लावण्याचा मोह मात्र आवरा. माझा एक फ्रॉग त्या नादात वाया गेला.

उत्तर २

काहीच डबे आपटतात, म्हणून चाकेही मोजा. एकाच आसावरील दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधील अंतर सुमारे १४.४ ते १४.६ मिमी असायला हवे.

उत्तर ३

शॉर्टचे कारण वेगळे आहे. आपला फ्रॉग एकाच रुळाला कायमचा जोडलेला असणार. त्याचा विजेचा संपर्क सर्व बाजूंनी तोडून, सांध्याच्या मोटरीबरोबर फिरणाऱ्या चेंजओव्हर स्विचमधून (जोडणी एका रुळावरून दुसऱ्यावर बदलणाऱ्या) त्याला वीज द्या. जिभा (सांध्यातले सरकणारे निमुळते रूळ) जोडणाऱ्या पट्टीवरील तांबेही मध्ये कापलेले आहे ना, तेही पाहा.

प्रश्नकर्ता

माप १५.१ च निघाले. रूळ पुन्हा डाखल्यावर दोनच डबे आपटतात, आणि त्यांच्या चाकांचे अंतर १४.९ मिमी भरले. स्विच अजून बसवायचा आहे.