जनावराच्या नाकात कागदासारखी पातळ हाडे कशासाठी असतात?

बांधावरचा (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. आमच्या शिवारात ओढ्याच्या काठी बैलाची एक जुनी, उन्हापावसाने पांढरी पडलेली कवटी सापडली. नाकाकडचा भाग एका बाजूने फुटलेला असल्यामुळे आतली पोकळी उघडी पडली होती आणि तिच्यात कागदाइतकी पातळ, स्वतःभोवती गुंडाळलेली हाडे दिसत होती. बोट लागताच त्यांतल्या एकाचा चुरा झाला. पार मागे, मेंदूच्या बाजूला, चाळणीसारखी बारीक छिद्रे असलेला हाडाचा पडदा होता. श्वास घेण्यासाठी दोन मोकळ्या नळ्या पुरेशा असताना एवढी गुंतागुंत कशासाठी, हा माझा मुख्य प्रश्न आहे.

त्याला जोडून आणखी दोन गोष्टी विचारतो. निरोगी जनावराची नाकपुडी ओलसर असते आणि ती कोरडी पडली की ताप समजावा, असे आमच्याकडे सगळेच सांगतात. हा नियम कुत्र्यालाही लागू पडतो का? दुसरे असे की, म्हशीचे मूत्र हुंगल्यावर रेडा मान उंचावून वरचा ओठ मुडपून बराच वेळ उभा राहतो, त्या वेळी तो नेमके काय करत असतो? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

अस्थिपंजर

आपण पाहिलेली हाडे म्हणजे टर्बिनेट. पशुवैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकवताना आम्ही डोक्याचा उभा छेद घेतो, तेव्हा नाकाच्या प्रत्येक अर्ध्या भागात ही हाडे सुरळीच्या वडीसारखी गुंडाळलेली दिसतात. जिवंत जनावरात ती उघडी नसतात. त्यांच्यावर रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेले, सतत ओले राहणारे अस्तर असते. वाळलेल्या कवटीत हे अस्तर नाहीसे झालेले असल्यामुळे पोकळी आहे त्यापेक्षा बरीच मोकळी भासते. प्रत्यक्षात हवेला जाण्यासाठी अरुंद फटीच उरतात, आणि नाकाचे काम चालते ते त्या अरुंदपणामुळेच.

हवा रुंद नळीतून गेली असती, तर मधल्या प्रवाहाला भिंतीचा स्पर्शही झाला नसता. अरुंद फटींतून जाताना मात्र हवेचा जवळजवळ प्रत्येक थर ओल्या अस्तराला घासून जातो, त्यामुळे फुप्फुसापर्यंत पोचण्याआधीच ती शरीराइतकी उबदार आणि बाष्पाने भरलेली होते, आणि धूळ व जंतू अस्तरावरच्या चिकट स्रावात अडकतात. या अस्तराला सूक्ष्म केस असतात, त्यांच्या लयबद्ध हालचालीने तो स्राव घशाकडे सरकवला जातो आणि जनावर तो नकळत गिळून टाकते.

श्वास बाहेर पडताना हाच व्यवहार उलटा होतो. आत येणाऱ्या हवेला उष्णता आणि पाणी दिल्यामुळे अस्तर थंड झालेले असते. फुप्फुसातून परतणारी उबदार, दमट हवा त्याच थंड पृष्ठभागावरून जाते, तेव्हा तिच्यातले काही पाणी पुन्हा अस्तरावर जमते. वाळवंटातल्या प्राण्यांना याचा मोठा आधार आहे. प्राण्यांच्या शरीरक्रियांचे अभ्यासक क्नूट श्मिट-निल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 मध्ये उंटावरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. पाणी न मिळालेला उंट रात्री सोडतो ती हवा बाष्पाने पूर्ण भरलेली नसते, तिची आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांवर येते. इतर सस्तन प्राण्यांची उच्छ्वासाची हवा बाष्पाने पूर्ण भरलेली असते, म्हणून हा शोध त्या काळी नवलाचा ठरला.

आता आपल्या बैलाकडे येतो. नाकाच्या मधोमध पडदा असतो, त्याचा पुढचा भाग कूर्चेचा आणि मागचा हाडाचा. प्रत्येक बाजूला टर्बिनेटमुळे तीन वाटा तयार होतात: वरची वाट वास ओळखणाऱ्या भागाकडे जाते, मधली कपाळ आणि गालाच्या हाडांतल्या पोकळ्यांशी जोडलेली असते आणि खालची, सर्वांत रुंद वाट श्वासाची. घोड्याला नाकातून नळी घालताना ती पुढे सरकवण्याआधी खाली दाबून ठेवा, असे विद्यार्थ्यांना वारंवार सांगावे लागते, कारण नळी मधल्या वाटेत शिरली तर मागच्या नाजूक हाडांना टोचते आणि रक्ताची धार लागते.

गाईबैलांत आणखी एक वेगळेपण आहे. मधला पडदा मागच्या भागात तळापर्यंत पोचत नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या खालच्या वाटा तेथे एक होतात. आपली कवटी अजून जवळ असेल, तर उजेडाकडे धरून हे पाहता येईल.

कपाळातली पोकळी प्रौढ जनावरात शिंगाच्या मुळापर्यंत, शिंगाच्या हाडाच्या आत गेलेली असते आणि ती पोकळी नाकाशी जोडलेली असते. म्हणून झुंजीत किंवा झाडात अडकून शिंग मुळातून मोडले, की त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त येते. अशा वेळी नाकाला इजा झाली असे समजून पुष्कळ जण नाकावरच उपचार करत बसतात, आणि उघड्या पडलेल्या शिंगाच्या पोकळीत पाणी किंवा माश्या जाऊ नयेत म्हणून जी काळजी आधी घ्यायला हवी ती राहून जाते.

श्वानरेषा

चाळणीसारख्या पडद्याबद्दल लिहितो, कारण वासाचा सगळा खेळ तेथेच आहे. वास ओळखणाऱ्या पेशी नाकाच्या मागच्या-वरच्या अस्तरात असतात आणि त्यांचे बारीक तंतू त्या छिद्रांतून थेट मेंदूच्या गंधकंदात, म्हणजे वासाचे संदेश घेणाऱ्या भागात, शिरतात. या पेशी हवेच्या अगदी जवळ असल्यामुळे सतत झिजतात आणि प्राण्याच्या आयुष्यभर नव्या तयार होत राहतात. चेतापेशींमध्ये ही गोष्ट विरळा.

कुत्र्याच्या बाबतीत अमुक पट, तमुक पट असे आकडे सांगण्याची प्रथा आहे. मला त्यांत फारसा रस वाटत नाही, कारण कोणता पदार्थ आणि कोणत्या मापाने मोजले हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नसतो. त्यापेक्षा हवेची वाट पाहावी. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या ब्रेंट क्रेव्हन, एरिक पॅटरसन आणि गॅरी सेटल्स यांनी 2010 मध्ये कुत्र्याच्या नाकातल्या हवेच्या प्रवाहाचा संगणकीय अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले की हुंगताना आत घेतलेल्या हवेपैकी साधारण आठवा हिस्सा वरच्या वाटेने मागच्या एका बंद कोपऱ्यात जातो, तेथील गुंडाळ्यांमधून सावकाश पुढच्या दिशेने झिरपतो आणि मग बाहेर पडणाऱ्या वाटेला मिळतो. उरलेली हवा या कोपऱ्याला न भेटता सरळ फुप्फुसाकडे जाते. हा कोपरा आणि श्वासाची वाट यांच्यात हाडाची आडवी पातळ फळी असते, त्यामुळे उच्छ्वासाची हवा कोपऱ्यात शिरून तेथले गंधकण धुऊन नेत नाही. माणसाच्या नाकात अशी वेगळी खोली नाही. आपला श्वास आणि आपला वास एकाच वाटेवर दाटीवाटीने चालतात.

नाकपुडीची रचनाही पाहण्यासारखी आहे. कुत्र्याच्या नाकपुडीला बाहेरच्या बाजूने एक फट असते. आत घेताना हवा समोरून येते, सोडताना ती या फटीतून बाजूला आणि मागे वळते, म्हणजे समोरचा वास स्वतःच्या श्वासाने उधळला जात नाही. जमिनीलगत हुंगणाऱ्या कुत्र्याच्या नाकाच्या दोन्ही बाजूंची धूळ मागे उडताना दिसते ती यामुळे. हुंगण्याचा वेग सेकंदाला साधारण पाच वेळा असतो.

चपट्या तोंडाच्या जातींचे हाल यावरून कळावेत. पगच्या कवटीची लांबी माणसाने कमी करत नेली, पण आतल्या मऊ भागांचा आकार त्या प्रमाणात घटला नाही. नाकपुड्या चिमटलेल्या, टर्बिनेट वाकडेतिकडे वाढून वाट अडवणारे, टाळूचा मागचा भाग लांब. मग विदर्भातल्या मे महिन्यात तो कुत्रा धापा टाकूनही थंड होऊ शकत नाही. एवढे माहीत असूनही आपल्या शहरांत ही जात हौसेने पाळली जाते, याचे वैषम्य वाटते.

ओलसर नाक

कोरड्या नाकाचा मुद्दा राहिला. गाई-म्हशींच्या नाकपुड्यांमधल्या आणि वरच्या ओठावरच्या उघड्या कातडीखाली ग्रंथी असतात व त्या सतत पाझरत असतात; पुसून कोरडे केले तरी थोड्याच वेळात बारीक थेंब पुन्हा उगवतात. ताप आला की हा पाझर थांबतो, म्हणून कोरडी, तडकलेली नाकपुडी ही गाई-म्हशींत खरोखरच महत्त्वाची खूण आहे. कुत्र्याच्या नाकाच्या शेंड्यावरच्या कातडीत मात्र ग्रंथी नसतात. तो भाग ओला राहतो तो नाकाच्या आतल्या ग्रंथींच्या स्रावाने आणि चाटल्यामुळे. झोपून उठलेल्या किंवा उन्हात पहुडलेल्या धडधाकट कुत्र्याचे नाकही कोरडे असते. कुत्र्याचा ताप तापमापकानेच पाहावा. घोड्याला तर अशी उघडी ओली कातडीच नसते, तेथे नेहमीचे लव असलेले कातडे असते.

अस्थिपंजर

रेड्याचा प्रश्न राहिला होता. नाकाच्या तळाशी, मधल्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना, कूर्चेच्या आवरणात एकेक बारीक नळी असते. डॅनिश शल्यचिकित्सक लुडविग जेकबसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिचे वर्णन केले, म्हणून तिला जेकबसनचे इंद्रिय म्हणतात. गाई-म्हशींना वरचे पुढचे दात नसतात, त्या जागी टणक गादी असते. गादीच्या लगेच मागे टाळूवर एक उंचवटा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या छिद्रांतून एक वाट या इंद्रियाकडे जाते. रेडा मूत्र जिभेवर घेतो, ते टाळूवर पोचते, आणि ओठ मुडपून नाकपुड्या आवळल्यावर त्यातले जड, हवेत सहज न उडणारे रेणू त्या नळीत ओढले जातात. म्हैस माजावर आहे की नाही, याचा अंदाज त्याला तेथून मिळतो. घोडाही ओठ मुडपतो, पण त्याच्यात ही वाट तोंडात उघडत नाही, नाकातच उघडते. तेव्हा त्याचा नमुना नाकातूनच जातो.

शेतकऱ्यांनी नाकाचा एक आजार तरी लक्षात ठेवावा. बैल उभ्याउभ्या, काम नसताना घोरू लागला, नाकातून चिकट, कधी रक्तमिश्रित स्राव आला, तर नाकाच्या अस्तरातल्या शिरांत राहणाऱ्या एका चपट्या कृमीचा संशय घ्यावा. शिस्टोसोमा नेझेल हे त्याचे नाव. त्याची अंडी अस्तरात अडकून फुलकोबीसारख्या गाठी तयार होतात आणि वर सांगितलेल्या अरुंद फटी बुजतात. या कृमीचे पिल्लू तळ्या-डबक्यांतल्या एका गोगलगायीत वाढते आणि पाण्यात उतरलेल्या जनावराच्या कातडीतून आत शिरते. म्हशीत हाच कृमी असला तरी घोरणे सहसा दिसत नाही. त्यामुळे डबक्यात डुंबणारी म्हैस निरोगी दिसत राहते आणि शेजारचा बैल घोरू लागतो.

बांधावरचा

सर्वांचे मनापासून आभार. अस्थिपंजर सर, वेसणीबद्दलही दोन शब्द लिहावेत. आमच्याकडे दाभणाने नाक टोचतात, काही बैलांचे नाक लवकर भरून येते आणि काहींचे महिनोन्महिने चिघळते. तसेच औषध पाजताना वेसण ओढून तोंड आभाळाकडे करण्याची पद्धत आहे, ती बरोबर आहे का?

अस्थिपंजर

दोन नाकपुड्यांमध्ये अंगठा आणि तर्जनी घालून चाचपले, तर सर्वांत पुढे मऊ, पातळ कातडीचा भाग लागतो आणि त्याच्या मागे कूर्चेची टणक कड जाणवते. वेसण त्या मऊ भागातून जायला हवी. दाभण कूर्चेतून गेले तर जनावराला अधिक वेदना होतात, आणि कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसल्यामुळे जखम चिघळत राहते. चिघळणाऱ्या नाकांपैकी बहुतेकांत छिद्र असे मागे पडलेले आढळते. दाभण निर्जंतुक केलेले असावे आणि हे काम शक्यतो पशुवैद्यकाकडून करून घ्यावे.

औषध पाजण्याची आपण सांगितलेली पद्धत धोक्याची आहे. नाकाची वाट आणि तोंडाची वाट घशात एकमेकींना छेदतात. तोंड आभाळाकडे केले की जनावराला नीट गिळता येत नाही, औषध श्वासनलिकेत उतरते आणि त्यातून न्यूमोनिया होतो. तेलकट औषध असेल तर अधिकच वाईट. तोंड पाठीच्या रेषेच्या फार वर जाऊ देऊ नये. औषध ओठांच्या कोपऱ्यातून थोडे थोडे सोडावे, जीभ मोकळी ठेवावी, नाकपुड्या दाबून धरू नयेत, आणि जनावर खोकले की ताबडतोब डोके खाली सोडून द्यावे.