सॉल्ट स्प्रेचे तास जगभर एकच, मग कोकणातला गंज कुणाच्या वहीत?

चाकणचा_इन्स्पेक्टर
मागच्या दिवाळीच्या तोंडावर आमचा ब्रॅकेटचा एक लॉट युरोपातून परत आला. झिंक प्लेटिंग, ड्रॉइंगवर अट ‘२४० तासांपर्यंत लाल गंज नको’. इथल्या लॅबचा रिपोर्ट पास, फोटोसकट. त्यांच्या लॅबमध्ये १६८ तासांनाच कडेला तांबडे ठिपके. चाचणी दोन्हीकडे तीच, आयएसओ ९२२७, म्हणजेच सॉल्ट स्प्रे. पाच टक्के मिठाचं पाणी, ३५ अंश तापमान, सतत फवारा. प्लेटिंगवाला म्हणे आमचं काम चोख, लॅब म्हणे आमचा चेंबर चोख. दीड महिना मेलामेली झाली आणि भुर्दंड आमच्या गळ्यात पडला.

त्यानंतर स्टँडर्ड पहिल्यांदा नीट वाचलं (खरं सांगतो, तोवर फक्त नंबर पाठ होता). चेंबर ठीक चालतोय का हे बघायला साधे पोलादी पत्रे ४८ तास आत ठेवतात. त्यांचं वजन चौरस मीटरमागे ७० ग्रॅम घटायला हवं, वीस इकडेतिकडे चालतं. म्हणजे एका चेंबरमध्ये ५० गेले, दुसऱ्यात ९०, तरी दोन्ही पास! मग आमचे २४० आणि त्यांचे १६८ यात खोटं कोण बोललं?

माझं म्हणणं असं. चाचणीची पद्धत जगभर एक करण्यात कित्येक दशकं गेली, याच चाचणीचं अमेरिकेचं स्टँडर्ड बी ११७ हे १९३९ सालचं. आता खऱ्या हवेतले आकडे एकत्र यायला हवेत. १९८६ पासून आयसोकोराग नावाच्या कार्यक्रमात पन्नासहून जास्त ठिकाणी पत्रे टांगून गंज मोजला. युरोप, अमेरिका, जपान, अर्जेंटिना. भारत त्यात नव्हता. आणि आपण टेंडरात बिनदिक्कत ‘सी५’ (फार गंजवणाऱ्या हवेचा वर्ग) लिहितो. डहाणू ते वेंगुर्ला पत्रे टांगून ते आकडे सगळ्या जगाला खुले का करू नयेत?

रंगारी_रत्नांग्री
खुले? कशाला? आमचे पॅनल किनाऱ्यावरच्या एका गच्चीवर सहा वर्षं आहेत. दर पावसाळ्याआधी आणि नंतर माणूस पाठवतो, फोटो, जाडी, फोड, सगळं वहीत. त्याचा खर्च कुणी दिला? मी. उद्या ते फुकट टाकलं की बाहेरची मोठी कंपनी आमच्याच हवेसाठी रंग बनवून आम्हालाच विकणार. सहकार्य म्हणजे एकानं राबायचं आणि दुसऱ्यानं जेवायचं, असं होऊ नये एवढंच.

चाकणचा_इन्स्पेक्टर
दादा, तुमच्या रंगाचा फॉर्म्युला कुणी मागितलाय? नुसत्या उघड्या पोलादाचा आकडा द्या. त्यात कसलं आलंय गुपित, ती तर देवाची हवा.

रंगारी_रत्नांग्री
उघडं पोलाद टांगलंच नाही ना. आम्ही रंग विकतो.

निवृत्त_लॅबवाला
धागालेखकांनी दोन गोष्टींची खिचडी केली आहे. सॉल्ट स्प्रे आयुष्य सांगण्यासाठी कधीच नव्हतं. बी ११७ मध्येच स्पष्ट लिहिलंय की नुसत्या या चाचणीचे निकाल खऱ्या हवेशी क्वचितच जुळतात. ती कालच्या बॅचशी आजची बॅच ताडून बघायला आहे, एकाच चेंबरमध्ये. तुमच्या गिऱ्हाइकानं तासांचा करार केला ही चूक चाचणीची नाही.

झिंकवर तर हा शुद्ध अन्याय. उघड्या हवेत झिंक भिजतं, वाळतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन अंगावर कार्बोनेटची साय धरतं. तीच त्याची ढाल. चेंबरमध्ये ते वाळतच नाही, तर साय धरणार कधी?

आणि भारतात आकडेच नाहीत हा समज काढून टाका. तमिळनाडूत कारैकुडीला सिक्री ही विद्युत-रसायनाची केंद्रीय संशोधन संस्था आहे, तिनं देशाचा गंज-नकाशा केलेला आहे. तिथल्याच किनाऱ्यावर मंडपमला त्यांचं चाचणी केंद्र आहे, तिथली हवा लोखंडाला कशी खाते ते आमच्या पिढीतला प्रत्येक गंजवाला जाणतो.

वेंगुर्लेकर_गच्ची
नकाशा देशाचा. मला माझ्या वाडीचा हवा. समुद्र घरापासून दीडशे पावलांवर. पुढच्या खिडकीचं ग्रिल दोन वर्षांत पापुद्रे सोडतं, मागच्या दारचं तेच ग्रिल आठ वर्षं टिकलंय. आणि गंमत बघा, पागोळीखाली, जिथे पाऊस लागत नाही, तिथलं आधी जातं. उघड्यावरचं मीठ पाऊस धुऊन नेतो, आडोशाचं तसंच चिकटून राहतं.

निवृत्त_लॅबवाला
तुमचं निरीक्षण अगदी बरोबर. अमेरिकेत क्युर बीचवर समुद्रापासून साधारण २५ मीटर आणि २५० मीटर अशा दोन जागा मुद्दाम ठेवल्या होत्या. पोलाद तेच, किनारा तोच, गंज कित्येक पट कमीजास्त.

गर्व_से_धातू
दिल्लीचा लोहस्तंभ १६०० वर्षं उभा आहे. आपल्याला परक्यांकडून गंज शिकायची वेळ यावी!

निवृत्त_लॅबवाला
त्यात फॉस्फरस जास्त आहे आणि दिल्लीची हवा कोरडी आहे. वेंगुर्ल्याला आणून उभा करा, मग बोलू.

अबुधाबीतला_पाइपवाला
मला धागालेखकांची बाजू पटते, पण कारण वेगळं. आयएसओ ९२२३ मध्ये हवेवरून गंज काढायचं सूत्र आहे. त्यात वार्षिक सरासरी १० अंशांच्या वर गेली की तापमान वाढेल तसा गंज कमी धरलाय, कारण उन्हानं पृष्ठभाग लवकर वाळतो. थंड देशांच्या अनुभवातून आलेलं शहाणपण! जुलैत मालवणला २७ अंश असतं आणि दोरीवरचा टॉवेल चार दिवस वाळत नाही. तिथे कसलं आलंय वाळणं?

निवृत्त_लॅबवाला
अर्धं वाचलंत. सूत्रात दोन पदांची बेरीज आहे, ते फक्त सल्फर डायऑक्साइडच्या पदापुरतं. मिठाच्या पदात तापमानाबरोबर गंज वाढतच जातो. कोकणात गाडा ओढतं ते मीठच.

अबुधाबीतला_पाइपवाला
मान्य, माझी घाई झाली. पण मिठाचं पद वापरायला हवेतलं मीठ मोजलेलं लागतं. ओल्या वातीची पद्धत आहे, बाटलीत पाणी, वर गॉजची वात, महिन्यानं त्यातलं क्लोराइड मोजायचं. इतकी स्वस्त गोष्ट. मालवण, देवगड, गुहागर, एकेका ठिकाणचा महिनावार आकडा मला जाहीर दाखवा. सूत्र जगाचं आणि त्यात घालायचा आकडा अंदाजपंचे, हे कसलं सहकार्य?

रंगारी_रत्नांग्री
मालवणचं नाव निघालंच आहे तर तिथल्या राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा ऑगस्ट २०२४ ला पडला, त्याआधीच नटबोल्ट गंजल्याचं बांधकाम खात्यानं कळवलं होतं असं पेपरात होतं. आदल्याच डिसेंबरात उभा केलेला. तिथे कुठल्या देशाचा डेटा कमी पडला? गंजतंय हे दिसत होतं.

निवृत्त_लॅबवाला
त्यात आराखडा आणि वेल्डिंगवरही ठपका होता. सगळं गंजाच्या माथी मारू नका. पण ‘दिसत होतं’ हे तुमचं खरं.

चाकणचा_इन्स्पेक्टर
लॅबवाले सर, तासांचा करार ही आमची चूक, कबूल. पण गिऱ्हाईक तास सोडून दुसरं काय मागणार, त्याच्यासमोर ठेवायला आपल्याकडे आहे काय? समजा माझ्याजवळ वर्षभराचा एक पत्रा आहे. १०० बाय १५० मिलिमीटर, एक मिलिमीटर जाड, वजन सुमारे ११८ ग्रॅम. गंज आम्लानं उतरवून पुन्हा वजन केलं आणि १९ ग्रॅम कमी भरले, तर प्रत्येक बाजूनं ८० मायक्रॉन गेले, म्हणजे सी४ संपून सी५ सुरू. हा हिशेब जर्मन माणसालाही कळतो आणि वेंगुर्लेकरांनाही. पत्रे मी कापून, वजन करून, नंबर पंच करून पाठवतो. प्रत्येक जागी तीन. आकडे जे येतील ते इथेच टाकणार, कुणीही वापरा.

रंगारी_रत्नांग्री
माझ्या गच्चीवर तीन टांगा. उघड्या पोलादाचे तेवढे देईन. रंगाची वही मागायची नाही.

वेंगुर्लेकर_गच्ची
माझ्याकडेही जागा आहे. पण माकडं येतात. तांब्याच्या तारेनं घट्ट बांधू का?

निवृत्त_लॅबवाला
तांबं अजिबात नको! पोलादाला तांबं लागलं की तिथूनच खायला सुरुवात, तुमचा आकडा वाया. पोर्सेलीनचे जुने इन्सुलेटर भंगारवाल्याकडे मिळतील, त्यांच्या खाचेत अडकवा. ४५ अंशांत, आणि एकमेकांचं पाणी एकमेकांवर ठिबकणार नाही असे. माकडांचं तुम्ही बघा.